रान विकताना, रान राखताना

संगमेश्वर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित खासगी रान आहे. ‘एकही झाड तोडायचं नाही’ एवढ्या निश्चयावर असं रान टिकत नाही. त्यातून काहीच हाती येईना झालं की घरातलंच कुणीतरी ठेकेदाराला फोन लावतं. म्हणून थोडं विकत, बाकीचं राखत आलो. त्यातून कळलं ते असं.

१. रान उक्तं देऊ नका. ठेकेदार डोंगराकडे बघून एक आकडा सांगतो. त्या आकड्यात ऐन, किंजळ जातात, आणि मनगटाएवढी कोवळी झाडंही जळाऊ लाकडात जातात. झाडं मोजून, खूण करून द्या. खैर वेगळा विका. सावर्ड्याकडच्या कात कारखान्यांना त्याचा लाल गाभा हवा असतो. तो सरपणाच्या भावात घालवण्यासारखा नाही.

२. तोडायची झाडं नंतर, राखायची आधी ठरवा. आमच्याकडे जुना बेहडा आहे, खोडात उंचावर ढोली. उन्हाळ्यात धनेशाची मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते आणि नर तिथून फळं भरवतो. अशी ढोली तरण्या झाडाला नसते. आणि पोकळ बेहड्याला लाकूड म्हणून भाव तो किती? तो राखल्याने रानमालकाचं फारसं काही जात नाही. शिवाय हिरडा-बेहड्याची फळं गोळा करून दरवर्षी विकता येतात. आपल्याच तालुक्यात ही फळं रीतसर प्रमाणित होऊन बाहेर गेलेली आहेत.

३. ऐन आणि किंजळ तोडल्यावर मरत नाहीत, बुंध्यातून फुटतात. फक्त घाव जमिनीलगत आणि तिरका हवा, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही. पुढे जोमदार एकदोन फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. खरे वैरी वणवा आणि गुरं. फाल्गुनात जाळरेषा काढली नाही तर फुटव्यांची आशा सोडा.

४. कुऱ्हाडीपेक्षा जेसीबीची वाट जास्त नासधूस करते. उतारावर आडवी वाट कापली की पावसात माती सुटते आणि खालचा झरा गाळाने भरतो. लांबचं लाकूड माणसांनी ओढून आणावं. मजुरी वाढते, वाढू द्यावी.

५. लाकडासाठी लागवड करायची तर वरकस जमिनीत करा. माणगा बांबू मला सगळ्यांत बरा वाटतो: भरीव, काटे नसलेला. तीन वर्षांची काठी काढायची, कोवळी ठेवायची, पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही. २०१७च्या कायदादुरुस्तीपासून खासगी जमिनीतला बांबू वनकायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिलेला नाही. कातळाच्या सड्यावर मात्र काहीही लावू नका. तो उजाड दिसतो, पण पावसाळ्यातल्या त्याच्या फुलांना सावली चालत नाही.

६. साग, खैर, ऐन, किंजळ तोडायला १९६४च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी लागते. पण रानाचा निकाल खरा सातबाऱ्यावर लागतो. त्यावरची निम्मी नावं मुंबईत, आणि वाटणीचा विषय निघाला की ‘विकून मोकळे होऊ’ हेच सोपं वाटतं. गणपतीला सगळे घरी येतात. तेव्हाच बसून कोणती झाडं राखायची, लाकडाचे पैसे कसे वाटायचे, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ठेकेदार दिवाळीनंतर फिरू लागतात.