कालबाह्य साधनांचे उल्लेख

वाट बुजल्यावरही वाटाड्या तीच दाखवीत राहिला, तर वाटसरूची फसगत होते. आज्ञावलीच्या माहितीपुस्तिकेचेही तसेच आहे. ‘पायथन’ या संगणकभाषेचे उदाहरण पाहावे. या भाषेत लिहिलेली आज्ञावली इतरांना वापरता यावी अशी बांधून देणारे ‘डिस्ट्युटिल्स’ हे साधन २००० सालापासून भाषेबरोबरच मिळत असे. २०२१ च्या ३.१० या आवृत्तीत ते वापरू नये अशी सूचना देण्यात आली आणि २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. आता जुन्या पुस्तिकेबरहुकूम चालणाऱ्यास, केवळ नवी आवृत्ती बसविलेली असल्यास, ‘या नावाचा घटक नाही’ एवढेच उत्तर मिळते. नवशिका मात्र चूक आपलीच समजतो.

म्हणून असे उल्लेख काढावयाचे. ते मजकुराइतकेच उदाहरणांत आणि सूचीतही शोधावे लागतात. परंतु नाव पुसल्याने काम संपत नाही. ते कार्य आता कशाने करावे, हे त्याच जागी सांगावे. येथे ‘सेटअपटूल्स’चा निर्देश करावा. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी त्या आवृत्तीची पुस्तिका मात्र जशीच्या तशी राखावी. कारण त्यांच्यापुरते ते साधन अद्याप नाहीसे झालेले नसते.