राजकारण आणि प्रशासन : एक रेघ, एक टेबल

राज्यशास्त्राच्या तासाला वुड्रो विल्सन यांचा १८८७ सालचा निबंध शिकताना एक सोपी विभागणी मनात ठसते : धोरण ठरविणे हे राजकारणाचे काम, ते राबविणे हे प्रशासनाचे. १९०० साली फ्रँक गुडनाऊ यांनी हाच विचार पुढे नेला. बारामतीला वर्गात बसून ही विभागणी पटते. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या गावी गेल्यावर मात्र ती डळमळते.

महाराष्ट्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवण्यात आले. जिल्ह्याला अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला सभापती व गटविकास अधिकारी अशा जोड्या आल्या. गटविकास अधिकारी हाच पंचायत समितीचा सचिव. म्हणजे ज्या सभेत ठराव होतो तिचे कामकाज तोच पाहतो आणि ठराव अमलातही तोच आणतो. विल्सन यांची रेघ येथे एकाच टेबलावरून जाते.

या जवळिकीचे तोटे आहेतच. बदलीचे भय दाखविले की नियम वाकतो, असे गावोगाव बोलले जाते. मग राजकारण वगळले तर? तोही अनुभव आला. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषद व पंचायत समित्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि काही वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. वस्तुतः दर पाच वर्षांनी निवडणूक व्हावी, असे १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती सांगते.

त्या काळात पाणंद रस्त्याचा अर्ज घेऊन मी वडिलांबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. साहेब सौजन्याने बोलले, अर्जावर शिक्का पडला. पुन्हा गेलो तेव्हा साहेब बदललेले. परतताना वडील म्हणाले, "पूर्वी मेंबरला पारावर धरून विचारता यायचं. आता धरायचं कुणाला?"

माझ्या मते त्यांच्या या प्रश्नातच विषयाचे सार आहे. प्रशासन नियम सांभाळते. पण जाब विचारण्याची जागा राजकारणच देते. आपल्यापैकी काहीजण उद्या स्पर्धा परीक्षा देऊन त्या टेबलामागे बसतील, काहीजण निवडून येऊन समोर बसतील. दोघांनीही तिसऱ्या खुर्चीची आठवण ठेवावी. ती अर्जदाराची आहे.