मूळ टिफ हलवू नकोस

बाबू, 2020 मध्ये स्वामित्व योजना आली, तेव्हापासून गावठाणांच्या ड्रोनफोटोंचं काम वाढलं. तुझ्याही हाती ते येईल, म्हणून सांगून ठेवतो.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेचा एक चौरस किलोमीटर घे. पिक्सेल 5 सेंटिमीटरचा धरला, तर आडवे 20,000 आणि उभे 20,000. झाले 40 कोटी! लाल, हिरवा, निळा असा प्रत्येकी एक बाइट, म्हणजे फाइल 1.2 जीबीची. लगेच कॉम्प्रेस करायला धावू नकोस. आधी ठरव, हे चित्र बघायचंय की मोजायचंय?

घरांच्या कडा आखायच्या, ग्रामपंचायतीत नकाशा लावायचा, तर टिफच्या आतच जेपेग कॉम्प्रेशन चालतं. टाइल्स कर आणि ओव्हरव्ह्यू बांध, नाहीतर अख्खं गाव एका नजरेत पाहायला गेलास की मशीन बसलंच. बाहेरच्या काळ्या कडेला मास्क लाव. जेपेगमध्ये शून्याचा शून्य राहत नाही, कुठे 1 होतो, कुठे 2, आणि शेजारच्या चित्रावर काळे ठिपके पडतात. इथेच सगळे फसतात.

कपाशीचा एनडीव्हीआय, उंचीचं मॉडेल, जमीनवापराचा नकाशा, यांना जेपेग दाखवूसुद्धा नकोस. शेतीचा कोड 3, वस्तीचा 5 आणि पाण्याचा 7 असेल, तर शेती-पाण्याच्या हद्दीवर तो आपल्या मनाने 5 काढतो, आणि तळ्याच्या काठाने भलतीच वस्ती उभी राहते. तिथे डिफ्लेट वापर; एक आकडा हलत नाही.

ईसीडब्ल्यू, मिस्टर सिड अशा जुन्या फायली कोणी दिल्या तर उघडून बघ. छान आटोपशीर असतात, पण लिहायला परवाना लागतो, म्हणून साठवण त्यांत नको. सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं जेपी2 मध्ये येतात. त्यांचा सर्वांत बारीक पिक्सेल 10 मीटरचा. वावर कळेल, घर नाही.

आणि जेपेगसोबतच्या जेजीडब्ल्यू फाइलमध्ये सहा आकडे असतात, प्रोजेक्शनचं नाव नसतं. वर्धा यूटीएम झोन 44 मध्ये, अमरावती शहर 43 मध्ये. झोन लिहून दिला नाहीस, तर समोरच्याने ओळखायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही.

मूळ टिफची एक प्रत वेगळ्या डिस्कवर राहू दे. फाइलच्या नावात ‘मेघे’ लिहीच, बाप्पा. नुसतं ‘सिंदी’ लिहिलंस तर लोक सिंदी रेल्वे समजतील, आणि ती सेलू तालुक्यात आहे.