फरशीखालचा हिशेब

घरात फरशी बदलायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला, "स्टाईल काय फूट आहे?" (आमच्या रिसोडकडे टाइल्सला सर्रास 'स्टाईल'च म्हणतात!) आमच्या घरीही हाच प्रश्न विचारला गेला, आणि तिथंच आम्ही फसलो.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी आजीच्या खोलीतली जुनी शहाबादी काढून टाइल्स बसवल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात खोलीचा मधला भाग वर आला. एका पहाटे आजी त्या उंचवट्याला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, एवढंच. बाबा म्हणाले, "या वेळी भारीच्या टाइल्स घेऊ." नवीन मिस्त्रीकाकांनी मात्र फरशीवर टाच आपटली अन् म्हणाले, "फरशी बिचारी काय करन बाप्पा, खालची माती फुगते नं!"

मी ती माती पिशवीत भरून कॉलेजच्या लॅबमध्ये आणली. टेस्ट अगदी सोपी आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम कोरडी माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकायची आणि २४ तास थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. आमची माती रॉकेलमध्ये १० मिली भरली, पाण्यात १८. म्हणजे ८० टक्के फुगवटा! बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. घराखालीही तीच माती आहे हे मात्र आपण विसरतो.

मग हिशेबाला बसलो. खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. 'दोन बाय दोन'ची टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची, त्यामुळे चारच्या बॉक्समध्ये १६ नव्हे, साडेपंधरा फूटच माल. दहा टक्के तूटफूट धरून ९ बॉक्स, ५,८५० रुपये. मिस्त्रीची मजुरी २५ रुपये फुटाने ३,०००. खालचा मसाला १,९००. एकूण १०,७५०. दुकानदार आपल्याला सांगतो तो आकडा एवढाच.

आता खालचं. मुरूम म्हणजे चेहऱ्यावरचा, एवढंच ज्ञान असलेला मी कॉन्व्हेंटवाला! इथं एक फूट जाडीचा भराव लागणार, तो दाबून १.२ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि दाबल्यावर बसतो म्हणून सुटा दीड ब्रास आणायचा. तो २,०००. जुनं फोडून माती बाहेर टाकायला ४,५००. वर चार इंच काँक्रीट, १:४:८ च्या प्रमाणाला सिमेंटच्या ४ गोण्या लागतात. खडी, रेती, मजुरी धरून ५,५००. शिवाय मोरीचा गळका पाइप १,५००. बेरीज १३,५००. वरच्यापेक्षा खालचंच महाग!

आणि एवढं करूनही काळी माती संपत नाही, ती खाली कित्येक फूट आहे. म्हणून माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचे ते मोरीचे १,५०० रुपये. मातीला पाणीच मिळालं नाही तर ती फुगेल कशाला? छपराचं पाणीही भिंतीच्या बुडाशी पडू द्यायचं नाही. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून धुमसाने ठोकायचा. (आणि हो, खणताना भिंतीच्या पायाखाली जायचं नाही, नाहीतर फरशीच्या नादात भिंत जायची!) कडेला टाइल भिंतीला घट्ट न भिडवता थोडी फट ठेवायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

बाबांनी बैठक आणि आजीची खोली, दोन्हींच्या फक्त टाइल्ससाठी सोयाबीनच्या पैशातून २५,००० बाजूला ठेवले होते. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला. एक खोली खालपासून, की दोन खोल्या वरवर? पाहुणे तर बैठकीतच येतात. शेवटी आजीची खोली खणली. बैठकीतल्या फुटलेल्या फरशीवर सध्या सतरंजी आहे, आणि पाहुणा आला की आजीच त्याला बजावते, "जरा जपून रे बाबू, तिथं उंच आहे."