दान किती रीतींनी पडते?

पुणे जिल्ह्यातील मार्गासनीहून एक रस्ता तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला जातो, तर दुसरा राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला. समजा, तुम्ही तेथे एसटीची वाट पाहत आहात. पाऊस लागला आहे, गाडीचा पत्ता नाही. मग खडूने चल्लस-आठचा पट आखला आणि फोडलेल्या चिंचोक्यांची चार दले घेतली. दल एका अंगाने तपकिरी, दुसऱ्याने पांढरे. जितकी पांढरी वर, तितके दान. चारही पांढरी पडली तर चल्लस, म्हणजे चार. एकही नसले तर आठ.

आता पेच असा. तुमची सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपुढे दोन घरांवर ठेवता येते किंवा तीन घरांवर. कोठे ठेवाल? शेजारचा गडी म्हणतो, "कोठेही ठेव. दाने पाचच : एक, दोन, तीन, चार, आठ. प्रत्येकाची संभाव्यता एक पंचमांश."

त्याचे ऐकलेत तर सोंगटी जाण्याचा धोका उगाच वाढेल! पण त्याला हसू नका. दालांबेर या थोर फ्रेंच गणितीनेही १७५४ मध्ये अशीच चूक केली. नाणे दोनदा उडवताना निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ सांगितली. पहिलाच छापा आला की काम झाले, म्हणून निष्पत्ती तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. परंतु त्यांतील पहिली एकटीच निम्म्या वेळा येते! खरे उत्तर ३/४.

तेव्हा दाने मोजू नका, दले मोजा. त्यांना क, ख, ग, घ म्हणू. प्रत्येक दल दोन रीतींनी पडते, म्हणून एकूण निष्पत्ती २×२×२×२ = १६. 'दोन' हे दान कख, कग, कघ, खग, खघ, गघ अशा सहा रीतींनी पडते. 'एक' चार रीतींनी. 'तीन'मध्ये एकच दल तपकिरी, म्हणून तेही चार रीतींनी. चल्लस आणि आठ प्रत्येकी एकाच रीतीने. बेरीज १६ झाली, काही सुटले नाही. दोन घरांवर धोका ६/१६, तीन घरांवर ४/१६. सोंगटी तीन घरांवर ठेवा.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) सहा रसांचे प्रकार असेच मोजले आहेत : ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३. एकही रस न घेण्याचा प्रकार त्यांत नाही. आपले 'आठ' म्हणजे नेमका तोच!

मात्र हा हिशेब दोन्ही अंगे सारखीच पडतात असे धरून केला आहे. नाण्याचे ते बहुतांशी खरे. चिंचोक्याचे एक अंग फुगीर, दुसरे सपाट. समजा, पांढरे अंग १०० पैकी ६० वेळा वर येते. मग चल्लसची संभाव्यता ०.६ चा चौथा घात, सुमारे ०.१३, आठची ०.४ चा चौथा घात, सुमारे ०.०२६. दोघांत पाचपट फरक! रीती मात्र दोघांच्या एकेकच.

तुमच्या चिंचोक्यांचे काय? एक दल १०० वेळा टाका आणि पांढरे किती वेळा आले ते वहीत लिहा. चारही दलांचे असे करा, आणि मगच डाव मांडा.