नवा डिस्ट्रिब्युटर बसवला, तरी गाडी बंद का पडते?

आमचा धंदा कापडाचा. इंजिनाची विद्या आम्ही ना शाळेत शिकलो, ना गॅरेजमध्ये. पण ज्याचा माल रस्त्यावर असतो, त्याला गाडीबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्याच लागतात. त्या आम्ही १९९६ साली आसनगावात शिकलो, आणि त्याची फी चांगलीच भरली. व्यापारी आणि कारागीर बंधूंना तीच फी पुन्हा भरावी लागू नये, म्हणून हा धडा.

अब्बांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आम्ही भिवंडीहून मालेगावला निघालो होतो. डिकीत ग्रे कापडाचे नमुने होते आणि दुपारपर्यंत पोहोचण्याचा शब्द दिलेला होता. जुन्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ढिला झाला होता. म्हणून आदल्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका तरुण मिस्त्रीकडून नवा बसवून घेतला होता. वाशिंदपर्यंत गाडी सुरेख चालली. आसनगावजवळ तिने दोन गचके दिले आणि बंद पडली. अर्धा तास थांबलो, तेव्हा सुरू झाली. दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. रस्त्यावरच्या एकाने पेट्रोलचा दोष सांगून कार्बोरेटर साफ केला आणि पैसे घेतले. गाडी पुन्हा बंद! आम्ही तरुण होतो, डोके तापले. त्या मिस्त्रीची निम्मी मजुरी द्यायची बाकी होती. ती द्यायचीच नाही, असे आम्ही तिथेच ठरवून टाकले.

शेवटी आसनगावातलेच एक वयस्कर उस्ताद भेटले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "शेठ, गाडी बंद पडते तेव्हा करंट जातो की पेट्रोल, हे कुणी बघितलं का?" कुणीही पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "नवीन पार्ट टाकल्यावर गाडी कधी बंद पडते, ते आधी सांगा. दोष कुठे आहे ते तिथेच कळतं."

डिस्ट्रिब्युटरचे काम समजायला आपला यंत्रमाग पुरेसा आहे. ताण्याचे धागे उघडतात, नेमक्या त्याच वेळी धोटा सुटला पाहिजे. थोडा आगेमागे झाला की धोटा अडकतो आणि धागे तुटतात. इंजिनातही पिस्टनने हवा-पेट्रोल दाबले की नेमक्या वेळी ठिणगी पडावी लागते. आतले सी.बी. पॉइंट उघडतात, कॉइलमधून हजारो व्होल्टचा करंट निघतो आणि रोटर तो ज्याच्या त्याच्या प्लगला वाटतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून करंट वाया जाऊ नये, यासाठी छोटासा कंडेन्सर असतो.

आता उस्तादांचा हिशेब पाहा.

१) गाडी सुरूच होत नाही किंवा कार्बोरेटरमधून फटाके मारते : प्लगच्या वायरी चुकल्या, किंवा डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसला. पद्मिनीचा क्रम १-३-४-२, तीन सिलिंडरच्या मारुती ८०० चा १-३-२. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहूनच वायरी लावाव्यात.

२) सुरू होते, पण स्लोवर बंद पडते : टायमिंग मागे राहिले, पॉइंटचा गॅप चुकला किंवा व्हॅक्यूमची नळी लावायची राहिली. पद्मिनीसारख्या गाडीत गॅप साधारण ०.४ ते ०.५ मि.मी. असतो. तो फिलर गेजने मोजावा, नजरेने नव्हे.

३) रेस देताच बंद पडते : आतली बारीक वायर तुटत आली आहे. व्हॅक्यूमने प्लेट सरकली की ती सुटते. वरचे कव्हर शाबूत असल्याने दोष डोळ्यांना दिसत नाही.

४) काही दिवस चालून मग बंद पडते : कॅमला ग्रीस लावले नाही. पॉइंटची टाच झिजली, गॅप मिटला.

५) गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू : कंडेन्सर किंवा कॉइल. पेट्रोलची वाफ होऊनही असेच घडते, म्हणून गाडी बंद पडलेली असतानाच करंट तपासावा. थंड झाल्यावर तपासले तर सर्व ठीकच दिसणार.

"तुमच्या मिस्त्रीने वायरी किंवा टायमिंग चुकवलं असतं," उस्ताद म्हणाले, "तर गाडी वाशिंदपर्यंत अशी चाललीच नसती."

त्यांनी बारा व्होल्टचा छोटा दिवा घेतला. एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीला, दुसरे इंजिनाच्या लोखंडाला लावले. स्विच चालू केला आणि पॉइंटमध्ये जाड कागद सरकवला. पॉइंट उघडे असताना दिवा लागायला हवा, पण लागला नाही. मग कंडेन्सरची वायर सोडली, तसा दिवा लागला! म्हणजे करंट पॉइंटपर्यंत येत होता, पण गरम झालेल्या कंडेन्सरमधून सरळ लोखंडात उतरत होता. कंडेन्सर सोडूनही दिवा लागला नसता, तर दोष कॉइलमध्ये, वायरीत किंवा स्विचमध्ये शोधावा लागला असता.

जुना डिस्ट्रिब्युटर डिकीत पडलाच होता. त्याचा कंडेन्सर काढून लावला आणि गाडी कसारा घाट चढून संध्याकाळी मालेगावात पोहोचली. सौदा मात्र दुपारीच दुसऱ्याशी झाला होता.

परत आल्यावर आम्ही त्या मिस्त्रीला त्याची बाकी मजुरी दिली आणि मनात काय आले होते तेही सांगितले. तो खजील होऊन म्हणाला, "भाई, नवीन माल होता, म्हणून मी तपासलाच नाही." चूक आम्हा दोघांचीही तीच होती. नव्या थानातही एखादा तागा डागी निघतो, हे कापडवाल्याने तरी विसरू नये.

काळ बदलला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नसतो आणि डिझेल टेम्पोत तो कधी नव्हताच. पण जुनी पेट्रोल गाडी जपणारे आणि दुरुस्त करणारे आपल्यात आजही आहेत. इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर नसतात, त्यांच्या जागी मॉड्यूल असते. तेही गरम होऊन असाच दगा देते.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जुना पार्ट काढताना रोटरची दिशा आणि वायरींची जागा यांवर खूण करावी. नवा पार्ट बसवल्यावर गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवून पाहावी, मगच लांबच्या प्रवासाला निघावे. जुना पार्ट महिनाभर तरी भंगारात देऊ नये. आणि दोष सापडेपर्यंत कारागिराची मजुरी रोखू नये. बारा व्होल्टचा तो दिवा आमच्या डिकीत आजही असतो.