सुट्टीला आलेल्या आत्याबाई पाणी का पीत नव्हत्या?

यंदा बुद्धपौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी आले आहेत: शुक्रवार, १ मे २०२६. पुढे शनिवार-रविवार. म्हणजे गावाकडचे भाऊबंद, माहेरी येणाऱ्या लेकी, मुलांचे मित्र, सगळ्यांचा मुक्काम आपल्या एका खोलीत. हे आनंदाचेच दिवस आहेत. पण वर तापलेला पत्रा आणि खाली दहा माणसे, याचा विचार आधी केला नाही तर दवाखान्याची धावपळ होते. आमच्या घरी ती झाली आहे, म्हणून यावेळचे पान त्यावर.

मागे एका उन्हाळ्यात आमच्याकडे आत्याबाई आल्या होत्या. वय ६५ च्या पुढे, ब्लडप्रेशरची गोळी चालू. दोन दिवस आम्ही त्यांना आग्रह करकरून जेवू घातले. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅसजवळ भाकरी करताना त्यांना घेरी आली आणि त्या तिथेच आडव्या झाल्या. दवाखान्यात सलाईन लागले, संध्याकाळी घरी आल्या. मग हळूच म्हणाल्या, "संडास लांब, तिथं रांग. रात्री सोबतीला पोरीला कितीदा उठवायचं? म्हणून पाणीच पीत नव्हते."

आम्ही त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवला होता. त्या पाणी का पीत नाहीत, हे मात्र विचारले नव्हते. चूक आमची होती.

आधी संडासची सोय, मग पाण्याचा आग्रह

वस्तीत सार्वजनिक संडास वापरणाऱ्या घरांत हे नेहमी घडते. पाहुण्या बाया संकोचाने बोलत नाहीत, पाणी कमी पितात आणि लघवी रोखून धरतात. त्यामुळे लघवीला जळजळ होते आणि उन्हाचा त्रासही लवकर होतो. कारण अंग थंड ठेवायचे काम घाम करतो, आणि घामाला पाणी लागते. त्यात वय वाढले की तहानही कमी जाणवते.

म्हणून पाहुणे आले की पहिल्याच तासात घरातल्या बाईने पाहुण्या बायांना संडास दाखवून आणावा. गर्दी कधी कमी असते ते सांगावे. रात्री सोबतीला कोण उठेल हे झोपण्यापूर्वीच ठरवावे, टॉर्च उशाशी ठेवावी. म्हाताऱ्या माणसाला रात्री जाणे जमत नसेल तर मोरीत आडोसा करून सोय करावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

पाणी पुरेसे जाते की नाही याची खूण सोपी आहे. लघवी फिकट असली तर ठीक. गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. मात्र किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईचे दूध वरचेवर पाजावे.

माणसे वाढली की पिंपातल्या पाण्यात हातही वाढतात. पिण्याचे पाणी वेगळे ठेवा, उकळून गार केलेले असले तर उत्तम. काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा.

स्वयंपाक करणारी बाईही माणूसच

पाहुण्यांच्या दिवसांत सर्वांत जास्त उष्णता सोसते ती गॅससमोरची बाई. सगळे पंख्याखाली आणि ती कोपऱ्यात. मोठा स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा. भाजी चिरणे, पाणी भरणे, भांडी घासणे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावे. दुपारी १२ ते ३ या वेळेत कुणालाच चुलीपुढे बसवू नये.

शिजवलेले अन्न उन्हाळ्यात तास-दोन तासांत खाऊन संपवावे. रात्रीचा भात, मटणाचा रस्सा सकाळपर्यंत बाहेर राहिला तर टाकून द्यावा. जीवावर येते, पण काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बुद्धपौर्णिमेची खीर दुधाची असते. विहारात वाटायची असेल तर वाटपाच्या वेळेच्या बेताने शिजवा. सकाळी करून संध्याकाळपर्यंत पातेल्यात ठेवू नका.

झोपायची जागा, गोळ्या

दार-खिडकीजवळची जागा म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना द्यावी. पत्र्यावर ओली पोती टाकली तर खोली थोडी गार होते. हवाच फार तापली असेल तर नुसता पंखा गरम वारा फेकतो. अशा वेळी हात, पाय, मान ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसावे.

ब्लडप्रेशर, साखर यांच्या गोळ्या पाहुण्यांनी सोबत आणल्या का, हे आल्याबरोबर विचारा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नये.

ऊन लागले तर

खूप घाम, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली खूण. माणसाला सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, ओआरएस घोट घोट पाजा. तासाभरात बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्या.

असंबद्ध बोलणे, ओळख न पटणे, झटके, बेशुद्धी आणि अंग भट्टीसारखे गरम, हा उष्माघात. यात जीव जाऊ शकतो. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थांबू नका: अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत गार पाण्याची फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

ओआरएसची दोन-चार पाकिटे सुट्टीआधीच सरकारी दवाखान्यातून आणून ठेवा आणि पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवा. मीठ अंदाजाने टाकू नका. उरलेले पाणी २४ तासांनंतर फेकून द्या. जुलाब-उलटीतही हेच पाणी चालते.

आत्याबाई पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आल्या. पिशवी ठेवायच्या आत आमच्या धाकटीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला आजी, आधी संडास दाखवते. रात्री मला उठवायचं, बरं का." त्या सुट्टीत आत्याबाईंचा तांब्या दिवसातून तीनदा भरावा लागला.